रात्रीपुरती जागा

गेल्या रविवारी नात लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. "आजी, तुला एक जागा दाखवते," म्हणाली. पडद्यावर हिरवं-तपकिरी काहीतरी होतं. उपग्रहावरून काढलेला नकाशा. तिनं तो मोठा केला, आणखी मोठा केला आणि एका निळसर ठिपक्यापाशी आणून थांबवला. "हे बघ. सपाटी आहे, पाणी आहे, झाडं आहेत आणि जवळ एकही घर नाही! डिसेंबरात आम्ही पाच जण इथं तंबू लावणार. बुकिंग नाही, पैसे नाहीत, शेजारी डीजे नाही. किती दिवस शोधत होते मी अशी जागा!"

मी चष्मा पुसून पाहिलं. आधी काही कळेना. मग बाजूची डोंगराची सोंड दिसली, खाली ठोकळवाडी धरणाचा वेडावाकडा किनारा दिसला आणि एकदम ओळख पटली. आंदर मावळ! त्या निळ्या ठिपक्यापाशी मी एक रात्र झोपले आहे. १९८४ सालच्या जानेवारीत. आणि सकाळी तिथून मान खाली घालून निघाले आहे.

नातीला त्या वेळी हे काही सांगितलं नाही. "छान आहे हो जागा," एवढंच म्हटलं. म्हटलं, आधी लिहून काढू. शिक्षकाची खोड, दुसरं काय! लिहिल्याशिवाय विचार नीट लागत नाहीत.

आम्हा तळेगावकरांना डोंगर काही नवे नाहीत. सकाळची लोकल पकडली की कामशेत, मळवली, लोणावळा. उतरलं की चालायला सुरुवात. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, भाजे-बेडश्याची लेणी, सगळं हाकेच्या अंतरावर. त्यात गोनीदा आमच्याच गावात राहिलेले. त्यांची 'माचीवरला बुधा' वाचून राजमाचीला गेलेल्यांची एक अख्खी पिढी तळेगावात सापडेल. माझे यजमानही त्यातलेच. पिंपरीच्या कारखान्यात आठवडाभर पाळ्या करायचे आणि शनिवार आला की खांद्यावर घोंगडी टाकून बाहेर पडायचे.

त्या काळी तंबू कुणाकडे होता? कुणाकडेच नाही. पण डोंगरात रात्री कुठं झोपायचं, हा प्रश्न कधी पडलाच नाही. देवळात झोपायचं, गुहेत झोपायचं, नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर. राजमाचीला गेलं की उधेवाडीत कुणाच्याही अंगणात जाऊन "मावशी, रात्रीपुरती जागा मिळेल का?" असं विचारायचं. जागा मिळायची, वर भाकरीही मिळायची. निघताना शिधा किंवा चार पैसे हातावर ठेवायचे. ढाकच्या बहिरीची तर गंमतच होती. मी त्या कड्यावर कधी चढले नाही, खाली कोंडेश्वराच्या देवळातच थांबायची. पण हे वर जाऊन आले की सांगायचे, गुहेत स्वयंपाकाची भांडी ठेवलेली असतात. कुणीही यावं, वापरावीत, घासून परत जागेवर ठेवावीत. कुलूप नाही, रखवालदार नाही. भांडं पळवलं तर बहिरी बघून घेईल, एवढीच काय ती व्यवस्था.

सांगायचं काय, तर मुक्कामाची जागा ही तेव्हा शोधायची गोष्ट नव्हती. ती मागायची गोष्ट होती. मग तंबू आला आणि मागणं संपलं. छप्पर आपल्याच पाठीवर असल्यावर विचारायचं कुणाला आणि कशाला?

आमच्या शाळेत तंबू आला तो गाईडच्या पथकामुळे. मराठी आणि भूगोल शिकवता शिकवता मी गाईड कॅप्टनही होते. चांगलं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. शिबिराची जागा कशी निवडायची, यावर तर आम्हाला अर्धा दिवस शिकवलं होतं आणि ते आजही पाठ आहे. पाणी जवळ हवं, पण उशाशी नको. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू ठोकायचा नाही, वळवाचा पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि लोंढा खाली तुमच्याकडे येतो. कड्याच्या ऐन पायथ्याशी नको, दगड सुटतात. खिंडीत नको, वारा रात्रभर झोपू देत नाही. फार खोलगटात नको, थंड हवा उतरून तिथंच साचते आणि पहाटे अंथरूण दवानं ओलं होतं. वाळल्या गवतात चूल नको. दसऱ्याला हिरवंगार दिसणारं सह्याद्रीतलं गवत संक्रांतीनंतर नुसती काडेपेटी असतं. वर कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर खाली धूर करायचा नाही, त्या माश्या माणसाला मैलभर पळवतात. संडासाचे चर खणायचे ते पाण्यापासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला.

हे सगळं मी मुलींना शिकवलं आणि १९८४ च्या जानेवारीत अठ्ठावीस मुली आणि एक सहकारी बाई यांना घेऊन त्या पठारावर गेले. शाळेची परवानगी होती. पालकांच्या संमतीच्या चिठ्ठ्या होत्या. औषधांची पेटी होती. जागाही अगदी पुस्तकातल्यासारखी! सपाट, आडोशाला करवंदीच्या जाळ्या, थोडं खाली खडकात खोदलेलं लहानसं कुंड आणि त्यात काचेसारखं पाणी. आजूबाजूला घर एकही नाही. रात्री खिचडी झाली, शेकोटी झाली (मोकळ्या मातीवर, गवत काढून), गाणी झाली. थंडी अशी की दोन-दोन मुली एका पांघरुणात.

सकाळी उजाडताच मुलींनी भांडी उचलली आणि कुंडावर गेल्या. धुण्याची पावडर नेली होती, ती टाकून खळाखळा भांडी घासली. दोघी-तिघींनी तोंडं धुतली, एकीनं केसही धुतले. मी वर तंबू उतरवत होते. मुलींचं कामसूपण बघून मला कौतुकच वाटत होतं.

थोड्या वेळानं पठाराच्या कडेवरून पाच-सहा बायका डोक्यावर हंडे घेऊन वर आल्या. वाडी होती, पण पठाराच्या कडेखाली होती. आम्ही दुसऱ्या बाजूनं चढून आलो, म्हणून आम्हाला दिसली नव्हती. बायका कुंडापाशी येऊन थबकल्या. पाण्यावर पांढरा फेस तरंगत होता, तळाशी खिचडीची शितं. मी धावत खाली गेले. त्यातली एक वयस्कर बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हे प्यायचं पानी हाय आमचं."

रागानं नाही हो. सांगितलं फक्त. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली, तीही कशी, तर पुस्तकी मराठीत. त्या बायकांनी पदर खोचले आणि वाटीवाटीनं ते कुंड उपसायला लागल्या. आम्ही मदतीला वाकलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तुमच्या गाडीची येळ हुईल." खरंच, खालच्या गावातून एसटी पकडायची होती, अठ्ठावीस मुली घरी पोहोचवायच्या होत्या. जानेवारीतलं झिरपतं पाणी ते. उपसलं तरी पुन्हा भरायला किती वेळ लागला असेल, कोण जाणे. आम्ही निघालो तेव्हा त्या रिकामे हंडे शेजारी ठेवून खडकावर बसल्या होत्या. वळून पाहिलं तेव्हाही बसलेल्याच होत्या.

या गोष्टीला चाळीस वर्षं होऊन गेली. पुढे एकदा जाऊन भेटून यावं, निदान एखादा हंडा नेऊन द्यावा, असं पुष्कळदा मनात आलं. गेले नाही. आधी लाज वाटली म्हणून आणि मग संसाराच्या धबडग्यात राहून गेलं म्हणून.

माझे नियम सगळे बरोबर होते. चर लांब खणले होते, गवत काढून शेकोटी केली होती. फक्त एक प्रश्न कुणी शिकवला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता, तो म्हणजे हे पाणी कुणाचं? घर दिसत नाही म्हणजे जागा कुणाची नाही, असं मी धरून चालले होते. आणि परवा नात तेच म्हणाली, "जवळ एकही घर नाही." त्या एका वाक्यासाठी हा सगळा लेखनप्रपंच!

आता थोडं परदेशात जाऊन येते, कारण या विषयावर माझ्याशी सगळ्यात जास्त वाद घालणारा माणूस तिकडे आहे. माझा भाचा, बहिणीचा मुलगा, अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरला असतो. २०१८ च्या सप्टेंबरात मी त्याच्याकडे गेले होते. तो म्हणाला, "मावशी, तुला हॉटेलात नाही, जंगलात झोपवतो. इथं राष्ट्रीय वनात जवळजवळ कुठंही तंबू लावता येतो. फुकट. कुणाला विचारावं लागत नाही."

मला आधी वाटलं, थापा मारतोय. पण खरं होतं. तिकडे अशी १५४ राष्ट्रीय वनं आहेत, सगळी मिळून सुमारे १९ कोटी ३० लाख एकर. म्हणजे आपल्या महाराष्ट्रासारखी अडीच राज्यं मावतील एवढं जंगल! त्यात नळ, संडास, बाकं असलेले पैशाचे तळ वेगळे. पण ते सोडून बाकी जंगलात, जिथं मनाई केलेली नाही तिथं, आपली जागा आपण शोधून राहायचं. बहुतेक ठिकाणी एका जागी चौदा दिवसांपर्यंत. सोयी मात्र शून्य. पाणी आपलं, कचरा आपला, जबाबदारी आपली.

तो जागा कशी शोधतो, ते मी शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी बघत होते. आधी घरी बसून वनखात्याचा नकाशा काढला. कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायला परवानगी आहे, हे त्यात दाखवलेलं असतं आणि तो नकाशा फुकट मिळतो. मग वनकार्यालयात फोन करून सध्या आग पेटवायला बंदी आहे का, ते विचारलं. केनोशा पास नावाची सुमारे १०,००० फूट उंचीची खिंड आहे, तिच्या पुढे लॉस्ट पार्क रोड नावाच्या कच्च्या रस्त्यानं आम्ही आत गेलो. ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती, हळदीच्या कार्यात शिरल्यासारखं वाटत होतं. दोन-तीन सुंदर कुरणं लागली, पण तो थांबेना. म्हणे, हिरव्या कुरणावर तंबू लावायचा नाही, गवत मरतं. जिथं आधी कुणीतरी राहून गेलंय, जमीन उघडी झालीय, दगडांचं जुनं चुलवण आहे, अशीच जागा घ्यायची. नवी जागा तयार करायची नाही. मग ओढ्यापासून सत्तर पावलं मोजली, म्हणजे साधारण २०० फूट. मग मान वर करून वाळलेली झाडं बघितली. तिकडे साल पोखरणाऱ्या किड्यानं पुष्कळ झाडं उभ्याउभ्या मेलेली आहेत, ती वाऱ्यानं अंगावर पडतात. जेवण झाल्यावर खाण्याचं सगळं गाडीत बंद केलं, अस्वलांसाठी. रात्री विरळ हवेनं मला नीट झोप आली नाही. लांबवर एल्कचे नर शीळ घातल्यासारखे ओरडत होते. सांबराचे थोरले भाऊच ते. मी तंबूत पडल्या पडल्या ऐकत होते आणि मला यांची फार आठवण आली. त्यांना दाखवायला हवं होतं.

सकाळी चहा घेताना भाचा म्हणाला, "बघ मावशी, ही जमीन कुणाचीच नाही म्हणून सगळ्यांची आहे. आपल्याकडे असं का नाही?"

मी विचारलं, "आधी इथं कोण राहायचं रे?"

तर म्हणाला, यूट नावाचे आदिवासी. शिकारीसाठी याच डोंगरांत फिरायचे. एकोणिसाव्या शतकात त्यांना इथून हटवलं. मग थोडा वेळ आम्ही दोघंही गप्प चहा पीत बसलो. कुणाचीच नसलेली जमीन अशी सहजासहजी तयार होत नाही, कुणीतरी ती तशी करावी लागते.

तिकडचं स्वातंत्र्यही वाटतं तितकं मोकाट नाही. त्याच पाईक राष्ट्रीय वनात २००२ च्या जूनमध्ये, आगीवर बंदी असताना, दगडी चुलवणातून आग पसरली. सुमारे १ लाख ३८ हजार एकर जंगल जळालं, १३३ घरं गेली. आणि आग लावणारी बाई कोण, तर वनखात्याचीच कर्मचारी! करोनाच्या काळात डोंगरात गर्दी इतकी वाढली की, गनिसन राष्ट्रीय वनात क्रेस्टेड ब्यूट गावाजवळच्या दऱ्यांमध्ये २०२१ पासून 'कुठंही राहा' बंद करून फक्त आखून दिलेल्या, क्रमांक घातलेल्या जागाच ठेवल्या. हे भाच्यानंच फोनवर सांगितलं, जरा पडलेल्या आवाजात. एवढं अफाट जंगल असूनही त्यांना हे करावं लागलं.

आता आपल्याकडे या. आमच्या मावळात एक तरी सपाटी दाखवा, जिच्यावर कुणाचा हक्क नाही. कागदावर ती वनखात्याची असेल. पण सकाळी तिथं गुराख्याची गुरं चरतात, पावसाळ्यात कुणाची तरी नाचणी असते, झाडोरा दाट असेल तर ती देवराई असते आणि तिथली वाळकी काटकीसुद्धा गावकरी घरी नेत नाहीत. पाण्याचं तर विचारूच नका. मार्च आला की डोंगरातले झरे आटतात आणि ज्या कुंडात पाणी राहतं, त्यावर वाडीची आणि रानातल्या जनावरांची, दोघांचीही भिस्त असते. उपग्रहाच्या नकाशात यातलं काही दिसत नाही. त्यात फक्त निळा ठिपका दिसतो.

मग आपल्याकडे उपाय काय काढला आहे? दोन काढले आहेत आणि मला दोन्ही पटत नाहीत.

पहिला उपाय पवना धरणाच्या काठावर बघायला मिळतो. २०२३ च्या डिसेंबरात लेक-जावई मला हौसेनं तिथं घेऊन गेले. तंबूला तंबू लागून ओळीच्या ओळी, अगदी पंढरीच्या वारीतल्यासारख्या. पण वारीत निदान सगळे एकच भजन म्हणतात, इथं प्रत्येक तळाचा कर्णा वेगळा. रात्री दोनपर्यंत तंबूचं कापड थरथरत होतं. एकही चांदणी दिसली नाही, इतके दिवे. सकाळी काठावर बाटल्या.

घरी येऊन मी या तंबूवाल्यांवर तावातावानं बोलत होते. तेव्हा आमच्याकडे दूध घालणारा पवन मावळातला मुलगा म्हणाला, "बाई, आमची जमीन धरणात गेली. पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. मी चाकणला कंत्राटावर होतो, कधी काढतील भरवसा नव्हता. आता भाऊ दहा तंबू लावतो, तर घरात पैसा येतो. शहरातल्या लोकांना शांतता पाहिजे, तर ती आमच्याच खर्चानं का?"

मला उत्तर देता आलं नाही. पवनेचं पाणी बंद नळानं नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, तेव्हा गोळीबारात मावळातले तीन शेतकरी गेले. तळेगावात राहणाऱ्याला तो दिवस विसरता येत नाही. तेव्हा ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांनी काठावर दोन पैसे मिळवले, तर मी नाक मुरडणं शोभत नाही. माझी तक्रार पैसे घेण्यावर नाहीच. तक्रार आहे ती गर्दीला मोजमाप नसण्यावर आणि आवाजाला धरबंध नसण्यावर.

दुसरा उपाय बंदीचा. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं, आग पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हाच आहे. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय प्रवेश नाही. भीमाशंकर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात रात्रीचं कडक धोरण असावं, याबद्दल माझं दुमत नाही. ते शेकरूचं आणि बिबट्याचं घर आहे, आपलं नाही. पावसाळ्यातल्या बंदीबद्दलही नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर बंदी आली तर कोण नाही म्हणेल?

पण सरसकट सगळीकडे पाटी लावून दिली की काय होतं, ते मी शाळेत पस्तीस वर्षं पाहिलं आहे. 'हे करू नये' अशी पाटी लावली की सरळ मुलं घरी बसतात आणि वांड मुलं मागच्या दारानं जातात. जो विचारून, नियमानं, कचरा परत घेऊन जाणारा आहे, तोच बंदी पाळतो. उरलेले अंधारात जातात आणि त्यांना विचारणारं कुणीच नसतं. शिवाय आणखी एक नुकसान होतं, त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. डोंगरात एकही रात्र न काढता मोठी झालेली मुलं उद्या डोंगर वाचवायला का येतील? पठारावर खाणकाम आलं, बंगल्यांचे प्लॉट पडले, तर त्यांना काय त्याचं?

म्हणून माझं मत असं आहे, आणि ते आता स्पष्टच मांडते. डोंगरातली रात्र बंदही नको आणि फुकट-मोकाटही नको. ती पुन्हा मागून मिळणारी व्हावी.

म्हणजे कसं? अभयारण्य सोडून बाकीच्या डोंगरात, तालुक्यात अशा दहा-पंधरा लहान जागा वनखात्यानं आणि गावांनी मिळून ठरवाव्यात. वनखात्याबरोबर काम करणाऱ्या गावांच्या वन समित्या आहेतच, नवीन काही काढायला नको. एका जागी चार-पाच तंबू, त्याहून जास्त नाही. जाण्याआधी गावात वहीत नाव लिहायचं, थोडी रक्कम द्यायची, ती गावाच्या समितीकडे जावी. पिण्याचं पाणी कुठलं आणि वापरायचं कुठलं, हे गावकऱ्यानं दाखवावं. फेब्रुवारी ते पाऊस सुरू होईपर्यंत उघडी आग अजिबात नाही. कर्णा बारा महिने नाही. उतरताना कचऱ्याची पिशवी गावात दाखवायची आणि आपल्या घरी न्यायची. दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची, म्हणजे जमीन सावरते. यात तंबूवाल्या पोरांचंही काम जात नाही. उलट दहा तंबूंऐवजी दहा ठिकाणची वाट दाखवणारे तेच होतील.

कुणी म्हणेल, बाई, कागदावर सगळं छान दिसतं, वहीची पावतीबुकं होतील, पावतीबुकाचं टेंडर होईल. होईलही. पण सरकारनं काही करेपर्यंत आपल्याला थांबायचं कारण नाही. विचारायला कुठलाही शासननिर्णय लागत नाही.

आणखी एक विनंती. अशी सुंदर जागा सापडली की लगेच तिचा फोटो आणि पत्ता जगाला वाटू नका. एका रात्रीची जागा पुढच्या शनिवारी पन्नास गाड्यांची होते. या लेखातही मी त्या पठाराचं आणि वाडीचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. चिंचवडच्या वन्संनी फोन करून विचारलं तरी सांगणार नाही!

असो. हे लिहून झाल्यावर काल संध्याकाळी नातीला वाचायला दिलं. तिनं गप्प बसून सगळं वाचलं. मला वाटलं, आता बेत रद्द म्हणेल, नाहीतर रुसेल. ती म्हणाली, "आजी, त्या वाडीत जाऊन कुणाला विचारायचं पण? माझी ओळख नाही तिथं."

"माझी तरी कुठे होती," मी म्हटलं, "म्हणूनच तर विचारलं नाही."

मग आमचं असं ठरलं की डिसेंबरच्या आधी एका रविवारी दोघींनी गाडी घेऊन जायचं. खालच्या गावापर्यंत आता डांबरी रस्ता झालाय म्हणतात. पुढे वाडीपर्यंत गुडघे साथ देतील तेवढं मी चालेन. त्या पठारावर राहू देता का, हे ती विचारेल. नाही म्हणाले तर नाही, दुसरी जागा शोधू किंवा ओसरी मागू. त्या वयस्कर बाई आता असायच्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांच्याबरोबर परकरातली एक मुलगी होती, कमरेवर छोटी कळशी घेतलेली. ती असेल, पन्नाशीची झाली असेल. भेटली तर तिला काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही. तुळशीबागेतून एक पितळी कळशी मात्र आणून ठेवली आहे.